जुन्या जीपचा हेडलाइट स्विच: का जळतो, दुरुस्त कसा करावा?

भारतातील चारचाकी चालनाच्या वाहनांचा इतिहास जीपपासून सुरू होतो. महिंद्र उद्योगसमूहाने १९४७ साली मुंबईत विलीज जीप भारतीय रस्त्यांवर आणली आणि पुढील कित्येक दशके याच घराण्यातील वाहने जंगल, बांधकाम, पोलीस आणि सहकारी साखर कारखान्यांच्या सेवेत राबली. सीजे ३बी, एमएम ५४०, मेजर अशा अनेक नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या जीप आजही सह्याद्रीच्या घाटांत आणि कोकणच्या वाटांवर धावताना दिसतात. शहरांत त्या हौसेने जतन केल्या जातात. त्यांचे इंजिन व गिअर दणकट असल्याने योग्य निगा राखल्यास ते पिढ्यान्पिढ्या चालतात. मात्र डॅशबोर्डवरील एक लहानसा स्विच अनेकदा अशा वाहनाला अंधारात एका जागी उभे करतो.

हा स्विच म्हणजे दिव्यांचा मुख्य स्विच. वळणाच्या तोंडाशी दोन्ही हेडलाइट अचानक विझणे, हा जुन्या जीपमधील सर्वांत धोकादायक दोषांपैकी एक होय. साहजिकच असा प्रसंग आल्यावर वाहनधारक तातडीने नवा स्विच बसवून घेतो. काही महिन्यांत तोही तापू लागतो, त्याचे प्लास्टिक वितळते आणि खर्च पुन्हा पदरी पडतो. स्विच जळाला असेल, तर तो का जळाला हे शोधल्याविना केलेली दुरुस्ती टिकत नाही. म्हणूनच या दुरुस्तीकडे केवळ सुटा भाग बदलण्याचे काम म्हणून पाहणे योग्य ठरत नाही.

स्विचची रचना

जुन्या जीपमध्ये प्रामुख्याने बाहेर ओढण्याचा आणि आत ढकलण्याचा स्विच असे. नॉब पूर्ण आत असताना दिवे बंद, पहिल्या टप्प्यावर पार्किंग व मागचे दिवे चालू आणि दुसऱ्या टप्प्यावर त्यांच्यासह हेडलाइट चालू, अशी ही साधी योजना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी विलीज जीपमध्ये यात ‘ब्लॅकआउट’चा एक टप्पा जास्त होता. शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून त्या वेळी केवळ मिणमिणते दिवे लागत. अनवधानाने पूर्ण प्रकाश पडू नये, यासाठी नॉबच्या वाटेत दाबून सोडवण्याची कळ दिलेली असे.

नॉबच्या दांड्याला आतमध्ये एक पितळी किंवा तांब्याची पट्टी जोडलेली असते. ही पट्टी बेकेलाइटच्या तुकड्यावर बसवलेल्या संपर्कबिंदूंवर सरकते. तिला घट्ट दाबून धरण्याचे काम स्प्रिंग करते. मागील बाजूस वायरी जोडण्यासाठी टर्मिनल असतात आणि ते रिव्हेटने आतील बिंदूंशी जोडलेले असतात. काही स्विचांच्या पाठीशी उष्णतेने उघडणारा आणि थंड झाल्यावर आपोआप मिटणारा सर्किट ब्रेकरही असतो.

हेडलाइट स्विचमधून निघालेला प्रवाह पुढे डिपर स्विचकडे जातो. बहुतेक जुन्या जीपमध्ये हा डिपर क्लचच्या डावीकडे, पाय ठेवण्याच्या पत्र्यावर असतो आणि पायानेच दाबावा लागतो. तेथून एक वायर दूरच्या प्रकाशझोताकडे, तर दुसरी जवळच्या झोताकडे जाते. म्हणजे हेडलाइटपर्यंत पोहोचणारा सारा विद्युतप्रवाह आधी या दोन स्विचांतून जातो. अलीकडच्या वाहनांत हा भार रिले वाहतो. जुन्या जीपमध्ये मात्र ही सोय नसे.

स्विच का जळतो?

याचे उत्तर साध्या अंकगणितात दडलेले आहे. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या हॅलोजन बल्बचा जवळचा झोत ५५ वॅटचा, तर दूरचा ६० वॅटचा असतो. १२ व्होल्टच्या वाहनात दूरच्या झोताचे दोन दिवे मिळून १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर प्रवाह घेतात. स्विचचे संपर्कबिंदू स्वच्छ असतील, तर तेवढा प्रवाह ते सहज वाहून नेतात. परंतु काळाच्या ओघात या बिंदूंवर काजळी धरते, पावसाळी दमटपणा आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेमुळे तांब्यावर हिरवट थर चढतो, स्प्रिंग सैल पडते आणि रिव्हेट खिळखिळे होतात. परिणामी त्या जागी विद्युतरोध निर्माण होतो.

हा रोध केवळ ०.१ ओहम इतका असला, तरी १० अँपिअर प्रवाह वाहताना तेथे १ व्होल्ट दाब वाया जातो आणि १० वॅट उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचे असते. त्याच्या जवळपास निम्मी उष्णता नखाएवढ्या जागेत सतत कोंडली गेली, तर काय होईल याची कल्पना करता येते. उष्णतेने स्प्रिंगचा ताण आणखी कमी होतो. त्यामुळे रोध वाढतो आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. अशा दुष्टचक्रात सापडलेला स्विच अखेरीस जळतो.

प्रकाशावरही याचा विपरीत परिणाम होतो. बल्बला मिळणारा दाब १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. दिवे मंद वाटतात म्हणून अनेक वाहनधारक ९० किंवा १०० वॅटचे बल्ब बसवतात. येथेच मोठी चूक घडते. १०० वॅटचे दोन बल्ब सुमारे १६.७ अँपिअर प्रवाह घेतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे त्याच जुन्या स्विचमध्ये पूर्वीच्या पावणेतीन पट उष्णता निर्माण होते. प्रकाश वाढवण्यासाठी केलेला हा उपाय दिवे विझण्यास कारणीभूत ठरतो. क्वचितप्रसंगी वायरिंगला आग लागण्याचाही धोका संभवतो.

लक्षणांवरून निदान

पाना हाती घेण्यापूर्वी लक्षणे नीट पाहिल्यास निम्मे निदान होऊन जाते.

नॉब हलवल्यावर दिवे लुकलुकत असतील, तर आतील संपर्क किंवा मागची जोडणी सैल आहे. नॉब हाताला गरम लागत असेल आणि दोन्ही दिवे मंद असतील, तर स्विचमध्ये रोध वाढला आहे. पार्किंगचे दिवे व्यवस्थित लागतात, पण दोन्ही हेडलाइट लागत नाहीत, अशा वेळी मुख्य स्विचचा दुसरा टप्पा किंवा डिपर तपासावा. केवळ जवळचा किंवा केवळ दूरचा झोत बंद असेल, तर संशयाची सुई डिपरकडे वळते.

एकाच बाजूचा दिवा बंद असेल, तर मुख्य स्विच बहुधा निर्दोष असतो. अशा वेळी बल्ब, त्या दिव्याची वायर किंवा अर्थिंग पाहावे. दिवे विझून काही वेळाने आपोआप लागत असतील आणि हा प्रकार ठरावीक अंतराने घडत असेल, तर सर्किट ब्रेकर उघडत असण्याची शक्यता आहे. त्याचा अर्थ कोठेतरी शॉर्ट आहे किंवा भार जास्त झाला आहे. अशा प्रसंगी ब्रेकर वगळून थेट जोडणी करणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घरी पाठवण्यासारखे होय.

मोजमाप महत्त्वाचे

स्विच उघडण्याआधी मल्टिमीटरने तपासणी करावी. साधा डिजिटल मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अल्प किमतीत मिळतो. अनेकजण मीटर ओहमवर ठेवून स्विच तपासतात आणि तो ‘ठीक’ असल्याचे ठरवतात. तथापि साधा मीटर एक दशांश ओहमचा फरक विश्वासार्हपणे दाखवू शकत नाही. त्यामुळे ही तपासणी दिवे चालू ठेवून, म्हणजे भार असतानाच करणे आवश्यक आहे.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. हेडलाइट चालू करून एक टोक स्विचच्या आवक टर्मिनलला आणि दुसरे जावक टर्मिनलला लावावे. दोन्ही टर्मिनलांमधील फरक ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असेल, तर स्विच चांगला आहे. तो ०.५ व्होल्टच्या पुढे गेला, तर स्विच उघडून पाहावा. हीच चाचणी डिपरवरही करावी. त्यानंतर मीटरचे एक टोक हेडलाइटच्या अर्थ वायरला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. येथील फरक ०.२ व्होल्टपेक्षा अधिक असेल, तर दोष अर्थिंगमध्ये आहे. गंजलेल्या पत्र्यावर आणि रंगाच्या थरावर बसवलेले अर्थ हे जुन्या जीपचे जुनेच दुखणे आहे. ते ओळखता न आल्याने कित्येक चांगले स्विच भंगारात गेले आहेत.

स्विच काढताना

सर्वप्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. हे टोक वाहनाच्या बॉडीला जोडलेले असल्याने ते आधी सुटले, तर पुढे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. त्यानंतर मागील वायरींचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक वायरीला कागदी पट्टी लावून टर्मिनलची खूण लिहावी. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांमुळे जुन्या जीपमध्ये वायरींचे मूळ रंग राहिलेले नसतात. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये.

नॉब बहुधा बारीक स्क्रूने किंवा दाबाच्या खिळीने अडकवलेला असतो. तो काढल्यावर डॅशबोर्डच्या बाहेरील नट सोडवावा आणि स्विच मागच्या बाजूने काढून घ्यावा. वायरींच्या टोकांकडे या वेळी बारकाईने पाहावे. थिंबल काळवंडले असेल, वायरीचे आवरण कडक होऊन तडकले असेल किंवा तांब्याच्या तारा काळ्या पडल्या असतील, तर तेवढा भाग कापून टाकावा आणि चमकदार तांबे लागल्यावरच नवे थिंबल दाबून बसवावे. नव्या स्विचला जळके थिंबल जोडणे, हे दुरुस्ती न टिकण्याचे एक प्रमुख कारण आहे.

साफसफाई आणि दुरुस्ती

धातूचे आवरण असलेल्या स्विचच्या कडेला वळवलेल्या लहान पट्ट्या असतात. त्या पेचकसाने हलकेच उचलल्या की स्विच उघडतो. आतील स्प्रिंग आणि गोळी उडून हरवण्याची शक्यता असल्याने हे काम कापडाच्या आत हात ठेवून करणे श्रेयस्कर.

संपर्कबिंदूंवरील काजळी अतिशय बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावी. लोखंड घासण्याचा खरखरीत एमरी कागद वापरू नये. त्याचे कण मऊ तांब्यात रुततात. बिंदूंवर चांदीचा मुलामा असेल, तर घासणे टाळून केवळ आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावे. पेट्रोलने धुण्याची सवय मात्र सोडून द्यावी. त्याची वाफ डॅशबोर्डखाली कोंडते आणि पुढे एक ठिणगी पुरेशी होते.

सफाईनंतर रिव्हेट तपासावेत. टर्मिनल बोटाने हलत असेल, तर खरा दोष तेथेच आहे. खाली भक्कम आधार देऊन रिव्हेट हलक्या ठोक्याने घट्ट करता येतो. काही कारागीर या सांध्याला डाखही देतात, मात्र बेकेलाइटला जास्त आच लागणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते. स्प्रिंग निळसर पडली असेल, तर तिचा ताण गेलेला असतो आणि ती बदलणे इष्ट. बेकेलाइटला तडा गेला असेल किंवा त्यावर कोळशासारखी रेघ उमटली असेल, तर असा स्विच दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. ती रेघ वीज वाहून नेऊ शकते.

बदली स्विच घ्यावा लागल्यास पुण्यातील नाना पेठ किंवा मुंबईतील ऑपेरा हाउस परिसरातील सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करता येते. मात्र केवळ नॉब सारखा आहे म्हणून स्विच घेऊ नये. टर्मिनलांची संख्या, टप्पे आणि अँपिअरची क्षमता जुळते का, हे पाहावे. जुन्या मूळ स्विचचे पितळ जाड असते. बेकेलाइट शाबूत असेल, तर पातळ पत्र्याच्या नव्या नकलेपेक्षा साफ केलेला जुना स्विच अधिक भरवशाचा ठरतो.

डिपर आणि ब्रेकलाइटचा स्विच

पायाखालच्या डिपरला चिखल, पाणी आणि धूळ यांचा सतत सामना करावा लागतो. त्याचा रबरी बूट फाटला की पाणी आत शिरते. मग डिपर दाबल्यावर एक झोत बंद होतो आणि दुसरा लागतच नाही. घाटात समोरून वाहन येताना असे घडले, तर क्षणभर पूर्ण अंधार होतो. डिपरमधील दोष म्हणूनच क्षुल्लक समजू नये. तो साफ करता येतो. परंतु आतील दाते झिजले असतील, तर बदलणेच योग्य. जीपचा तळ पाण्याच्या झोताने धुताना या जागेवर थेट मारा करू नये.

ब्रेकलाइटचा स्विच वेगळ्या प्रकारचा असतो. अनेक जुन्या जीपमध्ये तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो आणि ऑइलच्या नळीच्या जोडावरच बसवलेला असतो. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडल्यावर मागचे दिवे लागले, तर स्विच निकामी झाला असे समजावे. हा स्विच उघडून दुरुस्त करता येत नाही. तो बदलताना ब्रेकच्या नळीत हवा शिरते. त्यामुळे नंतर ब्रेक ‘ब्लीड’ करून हवा पूर्ण काढल्याविना वाहन रस्त्यावर आणू नये. स्विचच्या टर्मिनलपाशी ऑइल ओघळलेले दिसल्यास तो विजेचा नव्हे, ब्रेकचा दोष मानून त्वरित लक्ष द्यावे.

रिले: कायमचा उपाय

स्विच साफ झाला तरी त्यावरील भार तोच राहतो. तो कमी करण्यासाठी हेडलाइटला रिले जोडणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. रिलेमधील गुंडाळीला अवघा ०.१५ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. जुन्या स्विचला एवढाच प्रवाह हाताळावा लागतो आणि दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीकडून रिलेमार्गे थेट दिव्यांकडे जातो. दिव्यांना पूर्ण दाब मिळाल्याने ५५ व ६० वॅटचेच बल्ब लक्षणीय प्रखर दिसतात. मोठ्या बल्बची गरजच उरत नाही.

जवळच्या व दूरच्या झोतासाठी दोन स्वतंत्र रिले घ्यावेत. साध्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे क्रमांक असतात. बॅटरीच्या धन टोकाकडून येणारी वायर फ्यूजमधून ३० क्रमांकाला जोडावी आणि ८७ वरून हेडलाइटकडे न्यावी. डिपरकडून दिव्याला जाणारी जुनी वायर ८६ ला, तर ८५ अर्थला जोडावा. दिव्यांच्या मुख्य वायरी २.५ चौरस मिलिमीटरच्या असाव्यात. प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यावा, म्हणजे एक फ्यूज उडाला तरी दुसरा झोत हाताशी राहतो. हे फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावेत. फ्यूजच्या अलीकडे वायर घासून उघडी पडली, तर तिला कोणतेही संरक्षण राहत नाही. रिले पावसापासून दूर, टर्मिनल खाली येतील अशा रीतीने बसवावेत.

ज्या जीपच्या डॅशबोर्डवर अँपिअरमीटर आहे, तेथे या बदलानंतर इंजिन चालू असताना दिवे लावले की काटा चार्जिंगच्या बाजूला अधिक झुकलेला दिसेल. तो दोष नव्हे. दिव्यांचा प्रवाह आता बॅटरीच्या टोकाकडून जात असल्याचा तो परिणाम होय.

रस्त्यात दिवे विझल्यास

रात्री चालत्या जीपचे दिवे विझल्यास घाबरून जोराचा ब्रेक लावू नये. वेग कमी करत वाहन डाव्या कडेला घ्यावे. डिपर एकदा दाबून पाहावा. अनेकदा दुसरा झोत लागतो. तसे न झाल्यास नॉब पूर्ण आत ढकलून काही मिनिटे स्विच थंड होऊ द्यावा आणि मग पुन्हा ओढावा. दिवे लागले, तरी तो तात्पुरता दिलासा समजून जवळच्या मुक्कामापर्यंतच प्रवास करावा. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याचा जुना उपाय कदापि करू नये. मूळ दोष शॉर्टचा असेल, तर फ्यूजऐवजी वायरिंग पेटते.

कायद्याच्या दृष्टीनेही दिवे सुस्थितीत असणे अनिवार्य आहे. खासगी वाहनाच्या नोंदणीला १५ वर्षे पूर्ण झाल्यावर तिचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळच्या तपासणीत दिवे पाहिले जातात. परंतु तपासणी दिवसा आणि काही मिनिटांपुरती होते, तर स्विच तापतो तो तासाभराच्या सलग प्रवासानंतर. म्हणून पावसाळ्यापूर्वी दरवर्षी एकदा अर्धा तास हेडलाइट चालू ठेवून नॉब, मागील टर्मिनल आणि फ्यूजची पेटी हाताने चाचपून पाहावी. या काळात इंजिन सुरू ठेवावे, म्हणजे बॅटरी उतरणार नाही आणि भारही प्रवासातल्यासारखाच राहील. जो भाग कोमटपेक्षा अधिक तापलेला लागेल, तेथे मीटर लावावा. जळण्याच्या वाटेवर असलेला स्विच असा घराच्या अंगणातच सापडतो.